अनडू : एका गाठीची गोष्ट

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या घाईत मी प्रॉडक्शन डेटाबेसवर एक अपडेट क्वेरी चालवली. 'व्हेअर' लिहायचा राहिला. ऑटोकमिट चालू. बोटं आपोआप कंट्रोल-झेडवर गेली, आणि अर्थातच काहीही झालं नाही. रात्री बॅकअपवरून डेटा परत आणला, पण त्या दिवसभरातल्या एन्ट्रीज गेल्या त्या गेल्याच. झोप उडालेलीच होती, म्हटलं हा 'अनडू' शब्द आला तरी कुठून ते बघू.

मला वाटायचं, आपल्या कॉम्प्युटरवाल्यांनीच काढला असणार. छे! शब्द हजार वर्षांहून जुना आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता उघडणं, बांधलेलं सोडणं.

यातला 'अन' फसवा आहे बरं का. 'अनहॅपी'मधला 'अन' नकाराचा, आपल्या 'अनादि', 'अनंत'मधल्या 'अन्'चा सख्खा चुलतभाऊ. 'अनडू'मधला 'अन' मात्र दुसऱ्याच घरातला. त्याचं नातं ग्रीक 'अँटी'शी. तो 'नाही' म्हणत नाही, 'उलटं फिरव' म्हणतो. आणि 'डू'? तो आपल्या संस्कृत 'धा' धातूच्या गोतावळ्यातला. धा म्हणजे ठेवणं. 'परिधान' त्यातूनच आलं. थोडक्यात, घातलेलं काढणं! शेक्सपिअरचा किंग लिअर मेलेल्या मुलीजवळ बसून शेवटी एक बटण सोडायला सांगतो, तिथेही हेच क्रियापद आहे.

याच शब्दाला उद्ध्वस्त करणं हाही अर्थ चिकटला. 'अनडन' झालेला माणूस म्हणजे बरबाद झालेला. त्या शुक्रवारी मी दोन्ही अर्थ अनुभवले.

कॉम्प्युटरमध्ये हा शब्द रुजला तो १९६८च्या सुमारास. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात आंद्रिस व्हॅन डॅम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'फ्रेस' नावाची सिस्टिम बनवली, तिच्यात अनडू होतं. बदल आधी एका सावलीसारख्या प्रतीत साठवायचा, म्हणजे मूळ शाबूत राहतं. १९८३ साली अ‍ॅपलच्या लिसावर त्यासाठी झेडची कळ आली आणि आपल्या बोटांना कायमची सवय लागली.

म्हणजे बघा, अनडू काळ मागे नेत नाही. आधीचं कुणीतरी जपून ठेवलेलं असतं, म्हणून ते परत मिळतं. डेटाबेसचा रोलबॅकही तसाच, कमिट होईपर्यंतच.

लहानपणी पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली की आई वैतागायची, "अरे, सुरगाठ मारायची रे, ओढली की सुटते. आता कापावी लागणार!" गाठ सुटणार की नाही, हे ती मारतानाच ठरतं.

सोमवारी मॅनेजरला जाऊन सगळं खरं सांगितलं. तेव्हापासून काहीही चालवण्याआधी 'बिगिन ट्रान्झॅक्शन' लिहितो. तेवढीच आपली सुरगाठ.