स्थळाची पारख : शेत, खोली आणि कायमची नोकरी

सोयरिकीच्या बैठकीत वधूपिता दोन प्रश्न हटकून विचारतो : मुलगा करतो काय, आणि राहतो कोठे? कित्येकांस हे प्रश्न व्यवहारी, किंबहुना हिशेबी वाटतात. तथापि लेकीला ज्या घरी जन्म काढावयाचा, त्या घराची चौकशी करणे यात गैर ते काय? आमचे म्हणणे इतकेच की, या प्रश्नांची उत्तरे पारखण्याची आपली मापे वेळोवेळी फसलेली आहेत. आपल्या लोधिवली, चौक, मोहोपाडा या टापूचा गेल्या दीड-दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला असता हे सहज ध्यानी येते.

पहिले माप शेताचे. भात किती खंडी होते, गोठ्यात बैलजोडी आहे की नाही, विहिरीचे पाणी चैत्रात टिकते काय, हे पाहून आपले पूर्वज मुलगी देत. अंगणातील भाताची उडवी हीच वराची पत्रिका! परंतु त्या उडवीतील पुष्कळसा वाटा खोताचा, सावकाराचा असे, हे पाहुण्यांच्या डोळ्यांना दिसत नसे. कुळाच्या पदरी काय उरत होते, हे आपल्याच कुलाबा जिल्ह्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप करून जगाला दाखविले. नारायण नागू पाटील यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्याच्या मालकीचा मार्ग खुला झाला. म्हणजे ज्या शेतावर भरवसा ठेवून पिढ्यान् पिढ्या मुली दिल्या, ते अनेक घरांत स्वतःचे नव्हतेच.

दुसरे माप मुंबईचे. १८५६ साली आगगाडी खोपोलीस पोहोचली, आणि त्याच वर्षी मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. घाटाखालच्या तरुणास मुंबई जवळ आली. रोख पगार आणणारा गिरणीवाला जावई गावोगाव मानाचा ठरला. आता दुसऱ्या प्रश्नाला धार आली. खोली स्वतःची की गावकीची? गावकीच्या खोलीत एका गावचे दहा-पंधरा गडी पाळीपाळीने निजत आणि खाणावळीत जेवत. तेथे संसार कसा थाटावा? १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. म्हणजे 'मुंबईचे स्थळ' मिळालेल्या कित्येक मुलींचे आयुष्य गावीच, सासूसासऱ्यांची सेवा आणि शेतीची कामे करण्यात गेले. नवरा गणपतीला आणि शिमग्याला येई. बापाने नोकरी पाहिली, परंतु मुलगी कोठे राहील हे पाहिले नाही.

याच काळात आणखी एक पालट झाला. अनेक कष्टकरी जातींत पूर्वी वरपक्ष वधूपित्यास देज देई. नोकरीस मोल येत गेले तसा हा प्रवाह उलटला व हुंड्याची चाल शिरली. १९६१ च्या कायद्याने हुंड्यास बंदी झाली. चाल मात्र नावे बदलून राहिली. नोकरी पाहून मुलगी देण्याचा हा कडू भाग आपण विसरता कामा नये.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत, आणि गिरणीवाला जावई रिकाम्या हातांनी गावी परतला.

तोवर तिसरे माप आपल्या दाराशी आले होते. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि रसायनीस तिचा कारखाना उभा राहिला. 'एच्‌ओसीत कायम' एवढ्या शब्दांवर सोयरिकी जुळू लागल्या. पगार सरकारी, वसाहतीत क्वार्टर, निवृत्तीनंतर फंड. आणखी काय हवे? परंतु २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने एक संयंत्र इस्रोकडे सोपवून रसायनीचे उरलेले उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. 'कायम' या शब्दाचे आयुष्य पन्नास वर्षांचेही भरले नाही.

आज चौथे माप चालू आहे. परिचयपत्रकात पनवेलची सदनिका व कायम नोकरी मागितली जाते. सदनिकेवर किती वर्षांचा हप्ता आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. गावी राहून शेती करणारा किंवा कंत्राटी कामावर जाणारा निर्व्यसनी मुलगा मात्र पहिल्याच चाळणीत गळतो. अशा मुलांची वये वाढत आहेत, ही आपल्या समाजापुढील खरी चिंता होय.

याचा अर्थ मुलींनी डोळे मिटून होकार द्यावा, असा मुळीच नव्हे. आजवर प्रत्येक फसलेल्या मापाची किंमत मुलींनीच मोजली आहे; सबब विचारण्याचा पहिला अधिकार त्यांचाच. चूक आहे ती प्रश्नांच्या अपुरेपणात. नोकरी कोणती, यासोबत ती गेल्यास दुसरे काम करण्याची विद्या व उमेद आहे काय, हे विचारावे. घर केवढे, यासोबत त्यात कोण कोण राहते, पाणी कोण भरते, कर्ज किती आणि घरावर नाव कोणाचे, हेही विचारावे. शिवाय १९९४ पासून आपल्या राज्यात व २००५ पासून देशभर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क आहे. ती स्वतः शिकते, कमावते. मग नोकरी व निवारा यांचा सगळा भार एकट्या वराच्या शिरी का असावा? दोघांच्या मिळून संसाराचा हिशेब का मांडू नये?

आपल्या वधूवर परिचयपत्रकात असे काही रकाने वाढवावेत आणि ते भरताना वडील मंडळींनी लेकीस शेजारी बसवून घ्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्ञातिबांधव व भगिनी तिचा विचार करतील, अशी आशा आहे.