मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे छोटे गाव. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा. ती फुटीरपणाची मानणे साफ चूक आहे. तिचा पूर्वार्धच दिल्ली-मुंबईच्या सरकारला 'आमचे' म्हणतो.

गावाचे निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते, बहुमताने नाही. एकाचाही विरोध उरला तर विषय पुढच्या सभेत जातो. सभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. कायदे तिथे वाचून, समजून घेतले जातात. देवाजी तोफा हे गावचे नेते. मोहन हिराबाई हिरालाल हे गावाचे दीर्घकाळचे सहकारी होते.

स्वातंत्र्यानंतर जंगल सरकारजमा झाले, पिढ्यान्‌पिढ्यांचे निस्तार हक्क (घरगुती गरजेपुरते जंगलातून घेण्याचे हक्क) आक्रसले आणि इथला बांबू कागद गिरणीला भाडेपट्ट्याने गेला. ज्यांच्या सूप-टोपल्या आणि कुंपणे त्या बांबूची, ते आपल्याच रानात परके ठरले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचे आपल्या प्रास्ताविकातच मान्य केले. सरकारने स्वतःच्या कायद्यात अशी कबुली देणे ही मोठी गोष्ट आहे. त्याच कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

पण हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकता येईना. नवा कायदा बांबूला गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीजचे वनउत्पन्न, म्हणत होता आणि १९२७ चा भारतीय वन कायदा त्याला वृक्षांत धरत होता. वृक्ष म्हटला की वाहतूक परवाना आला, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. गावाने तोडलेला बांबू गिऱ्हाइकाने गावाबाहेर न्यायचा कसा, यावर सारे अडले. मालकी गावाची आणि शिक्का दुसऱ्याचा, याला न्याय म्हणता येत नाही. ग्रामसभा हटली नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. तेव्हापासून मेंढ्याच्या बांबूचा परवाना मेंढ्याची ग्रामसभाच देऊ लागली.

वन कायद्यातील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो त्यानंतर सहा वर्षांनी, २०१७ मध्ये.