शनिवारवाड्याचं भूत आणि आमराया

आमच्या अलोऱ्याजवळच्या चिपळुणात बाळाजी विश्वनाथ मिठागरावर कारकून होते, हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यांच्या पणतवाचं, नारायणराव पेशव्याचं, भूत कुठून आलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

शनिवारवाडा 1732 साली उभा राहिला, 1828 च्या आगीत जळाला. मध्ये 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणपतीत, गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावाला चुलत्याच्या, राघोबादादांच्या, डोळ्यांदेखत कापलं. ‘ध’चा ‘मा’ झालेला कागद आजवर कुणी दाखवलेला नाही. ‘काका, मला वाचवा’ ही हाक कुणी पुनवेला ऐकू येते म्हणतात, कुणी अवसेला. माझं मत पुनवेकडे, कारण खून झाला त्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती.

एक तर्क असा की हे भूत इंग्रजी नाटकांच्या वाटेनं आलं. लंडनच्या टॉवरमधून 1483 साली बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ नाहीसे झाले; गादी चुलत्याला, तिसऱ्या रिचर्डला मिळाली. शेक्सपिअरनं त्या पोरांची भुतं चुलत्यापुढे उभी केली. पुढे आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, खाडिलकरांनी नारायणरावाच्या खुनावर ‘भाऊबंदकी’ लिहिलं. साखळी देखणी आहे, पण दुसऱ्या बाजीरावापाशी तुटते.

हा राघोबादादांचा मुलगा. नारायणरावाचं पिशाच्च आपल्याला छळतं अशी त्याची धारणा होती. त्याच्या शांतीसाठी त्यानं दानधर्म केला, पुण्याभोवती आंब्याची लाखो झाडं लावली, असं इंग्रजांनी पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदवलंय. आकडा फुगलेला असेल. पण बाजीरावाचं राज्य 1818 मध्ये बुडालं, तेव्हा आगरकर-खाडिलकर जन्मलेही नव्हते. नाटकानं फार तर या भुताला आवाज दिला. त्याचा जन्म मारेकऱ्याच्याच घरातला.

आणि आंबाच का? नारायणरावामागे जन्मलेला सवाई माधवराव 1795 मध्ये निपुत्रिक गेला. पिंड द्यायला नारायणरावाच्या वंशात कुणी उरलं नाही, आणि पुढच्याच वर्षी बाजीराव गादीवर आला. एक झाड दहा पुत्रांबरोबर, असं आपल्याकडे मानतातच. त्या आमराया म्हणजे नारायणरावाला दिलेली संततीच होती, असं मला ठामपणे वाटतं.

कोकणातल्या बऱ्याच घरांत पेशवाईतले मोडी कागद अजून पडून आहेत. त्यांत बाजीरावाच्या कलमांचा, रोपांचा हिशेब सापडला, तर रद्दीत घालू नका. मोडी वाचणाऱ्याला दाखवा.