रेगे आणि पाळणा

'रेगे' हा शब्द कानी पडताच मराठी माणसास कवी पु. शि. रेगे आठवावेत, निदान कोकणातले एखादे ओळखीचे घराणे तरी आठवावे, हे साहजिक आहे. आम्हांस येथे ज्या रेग्याविषयी लिहावयाचे आहे तो मात्र कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावरचा संगीतप्रकार होय. हे नाव एखाद्या गीताच्या मथळ्यात प्रथम झळकले ते १९६८ साली, मेटल्स या गायकत्रयीच्या ध्वनिमुद्रिकेवर. पुढे अवघ्या पन्नास वर्षांत, २०१८ साली, युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत या संगीतास स्थान दिले. एवढ्या अल्प काळात एवढा मान फार थोड्या कलांच्या वाट्यास येतो.

परंतु या मानाहून आम्हांस अधिक नवल वाटते ते दुसऱ्याच एका गोष्टीचे. बंडखोरांचे, जटाधारी पंथीयांचे, पोलिसांच्या डोळ्यांत सलणारे हे संगीत आज देशोदेशीच्या तान्ह्या मुलांपुढे वाजवले जाते. रडणारे मूल त्याने शांत होते, बसू लागलेले मूल डुलू लागते, असे आईबाप सांगतात. आणि व्यापाऱ्यांनीही हे केव्हाच ओळखले आहे. हे केवळ कौतुक म्हणून सोडून देता येईल. तथापि मुळाशी गेल्यास असे दिसते की, ज्या गोष्टीमुळे मूल या संगीताकडे वळत असावे, तीच गोष्ट एके काळी मळेवाल्यांना भयावह वाटत होती. ती गोष्ट म्हणजे ढोल.

१६५५ साली इंग्रजांनी जमैका स्पेनकडून हिसकावून घेतले आणि उसाच्या मळ्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतून माणसे आणून राबवली. या माणसांनी भाषा गमावली, देव गमावले, नावेही गमावली. ढोल मात्र टिकवला. ढोल दूरवर निरोप पोहोचवतो, माणसे गोळा करतो. १७६० साली टॅकी नावाच्या गुलामाच्या पुढारीपणाखाली मोठे बंड झाले, तेव्हा सरकारने त्यानंतरच्या कायद्यात गुलामांच्या मेळाव्यांबरोबर ढोल आणि शिंगे वाजवण्यावरही निर्बंध घातले. फौजफाटा बाळगणारे सरकार ताणलेल्या कातड्याच्या वाद्यास भ्याले, याहून त्या वाद्याची थोरवी ती काय सांगावी! १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ साली ती खऱ्या अर्थाने सुटली. मळ्यांवर माणसे उरेनात, म्हणून १८४५ पासून हिंदी मजूर करारावर तिकडे नेण्यात आले. त्यांच्याबरोबर गेलेला 'गांजा' हा शब्द जमैकाच्या बोलीत अद्याप नांदतो. हिंदुस्थानची ही देणगी अभिमानाने सांगावी की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

गुलामांच्या वंशजांत 'बुरू' नावाची वादनपरंपरा तग धरून होती. तिच्यात तीन ढोल असत. एक खर्जाचा, दुसरा 'फुंडे' आणि तिसरा, वर नाचणारा, 'रिपीटर'. १९३० साली हैले सेलासी इथिओपियाचे सम्राट झाले. त्यांना ईश्वरी अवतार मानणारा रास्ताफारी पंथ जमैकातील दरिद्री वस्त्यांत उदयास आला आणि त्याने हे तीन ढोल आपलेसे केले. यांतील फुंडेकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. त्याचे काम एकच: लागोपाठ दोन ठोके, मग विसावा, पुन्हा दोन ठोके. वादक स्वतःच त्यास हृदयाचे ठोके म्हणतात. काउंट ऑसी या वादकाने किंग्स्टनच्या पूर्व भागात आपला मेळ जमवला, आणि १९६० च्या सुमारास 'ओ कॅरोलिना' या ध्वनिमुद्रिकेवर हे ढोल लोकप्रिय संगीतात शिरले. प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. १९६२ साली देश स्वतंत्र झाला, तरी रास्तांचा छळ थांबला नाही. १९६३ सालच्या कोरल गार्डन्स प्रकरणानंतर त्यांची सरसकट धरपकड झाली.

स्वातंत्र्याच्या वेळी गाजत असलेले 'स्का' संगीत द्रुत लयीचे होते. १९६६ च्या सुमारास लय मंदावून 'रॉकस्टेडी' आले आणि दोनच वर्षांत रेगे. लय उतरली तशी खर्जातील गिटार पुढे आली आणि एक विलक्षण ठेका रूढ झाला, त्यास 'वन ड्रॉप' म्हणतात. चार मात्रांच्या आवर्तनात पहिली मात्रा, म्हणजे आपल्या भाषेत सम, ढोलवादक रिकामी सोडतो. मोठ्या ढोलाचा आघात पडतो तो तिसऱ्या मात्रेवर. रूपक तालाची सम खालीवर येते हे ठाऊक असलेल्या मराठी श्रोत्यास यातली गंमत निराळी समजावून सांगावयास नको. बॉब मार्ली यांच्या साथीस कार्लटन बॅरेट ढोलांवर आणि त्यांचे बंधू ॲस्टन खर्जाच्या गिटारीवर असत; या दोघा भावांनी हा ठेका जगास ऐकवला. अशा गीतांची लय पुष्कळदा मिनिटास सत्तर ते ऐंशी ठोक्यांची असते. निवांत बसलेल्या माणसाचे हृदयही साधारण याच चालीने चालते.

आता बाळाकडे वळू. गर्भास सहाव्या महिन्याच्या सुमारास ऐकू येऊ लागते. उंच स्वर आईच्या शरीरातून जाताना विरतात, खर्ज मात्र आत पोहोचतो. म्हणजे जन्मापूर्वीचे संगीत ते सारे खर्जाचेच. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ली साल्क या मानसशास्त्रज्ञाने रुग्णालयातील नवजात बालकांना मिनिटास ७२ या गतीने हृदयाचे ठोके ऐकवले. ती मुले कमी रडली, त्यांचे वजनही अधिक वाढले. पुढच्या सर्वच संशोधकांना हा अनुभव आला नाही, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये. २००९ सालचा विंक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना त्यांनी एक ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातली सम गाळली. गाळलेल्या समेची नोंद त्या इवल्या मेंदूंनी तत्काळ घेतली! ठेका रेग्याचा नव्हता, रॉक संगीताचा होता. पण दोन दिवसांच्या जीवास समेची वाट पाहता येते, हे तर दिसले. जे संगीत प्रत्येक आवर्तनात ती सम मुद्दाम मोकळी ठेवते, त्याकडे बाळाने कान टवकारावेत यात नवल ते काय?

म्हणूनच बाजारात 'बाळांसाठी' म्हणून जे रेगे मिळते, त्यातले बरेचसे आम्हांस पटत नाही. त्यात घंट्यांच्या किणकिणाटावर मूळ चाल वाजवलेली असते. खर्ज नाही, ढोल नाही, मोकळी समही नाही. नारळातले पाणी आणि खोबरे काढून घेऊन करवंटी हाती द्यावी, तसे हे झाले. शिवाय या गीतांचा पूर्वेतिहास त्या गोडव्यात बुडून जातो. ३ डिसेंबर १९७६ रोजी मार्ली यांच्या किंग्स्टनमधील घरात शिरून मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. मार्ली, त्यांच्या पत्नी रिटा आणि व्यवस्थापक जखमी झाले. दोनच दिवसांनी ते तशाच स्थितीत हजारो श्रोत्यांपुढे गायले आणि मग देश सोडून लंडनला गेले. तेथे सिद्ध झालेल्या १९७७ च्या 'एक्सोडस' या संग्रहात 'थ्री लिटल बर्ड्स' हे गीत आहे, आणि आज पाळण्याजवळ सर्वाधिक वाजते ते बहुधा हेच. चिंता करू नकोस असे सांगणारा तो स्वर नुकताच बंदुकीसमोर उभा राहून आलेला होता. त्या वेळी आठ वर्षांचा असलेला त्यांचा पुत्र झिगी याने २००९ साली पित्याची गीते निवडून मुलांसाठी 'बी इज फॉर बॉब' हा संग्रह काढला. त्यात निदान बापाचा आवाज तरी आहे.

बदलीच्या गावी आलेल्या आपल्यासारख्यांच्या घरांत आजी बहुधा नसते, आणि अंगाईचे काम मोबाईलकडे जाते. त्या चिमुकल्या यंत्रातून खर्ज उमटतच नाही. आमच्या वसाहतीतील एका तरुण सहकाऱ्यास आम्ही हे सांगितले, तेव्हा त्याने पगार होताच एक मोठा ध्वनिवर्धक आणला व मूळ ध्वनिमुद्रिका बेताच्या आवाजात लावली. सात महिन्यांची त्याची कन्या रडे थांबवून मान डोलावू लागली. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरील गृहस्थांची लेखी तक्रार आली. गाण्याविषयी त्यांचे काहीच म्हणणे नव्हते. ढोल तेवढा बंद करावा, असे त्यांनी कळवले होते.