लेण्यांतील उजेड

कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅशचा दिवा ऐन वेळीं दगा देतो, ही तक्रार हौशी छायाचित्रकार नेहमीं करतात. अंधारांत हवा तेव्हां उजेड कसा मिळवावा, हा प्रश्न जळगांवच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांत फार पूर्वीं उभा राहिला.

तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं १८४४ सालीं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत भस्मसात् झाल्या. गिलनें मात्र कॅमेराहि हातीं धरला होता. फर्ग्युसनच्या १८६४ मधील ग्रंथांत त्याचीं ७४ छायाचित्रें आहेत. छायाचित्राच्या अनेक प्रती निघतात, म्हणून तें आगींतूनहि वांचतें. परंतु लेण्याच्या गाभाऱ्यांत ऊन पोहोंचत नाहीं, आणि त्या काळच्या ओल्या रसायनाच्या काचांना उजेड फार लागे.

मॅग्नेशियमची तार जाळून छायाचित्र घेण्याची युक्ति त्याच सुमारास निघाली. १८६५ सालीं पियाझी स्मिथनें तिच्या उजेडांत इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या आंत छायाचित्रें घेतलीं. पण कोंडलेल्या धुरानें त्यास बेजार केलें. १८८७ सालीं जर्मनींत फ्लॅशची भुकटी आली. ती क्षणांत पेटे, पण हातहि पोळी. १९२९ च्या सुमारास काचेचा बल्ब आला आणि धूर गेला. आतां अडचण उरली वेळेची. पूर्वीं शटर उघडें ठेवून भुकटी पेटवीत. पुढें शटरनेंच तारेवाटें दिव्यास इशारा देण्याची सोय झाली, आणि त्या जोडणींत नवे दोष शिरले.

म्हणून दिवा रुसल्यास तीन गोष्टी क्रमानें पाहाव्या. स्वतःच्या बटणानें तो पेटतो काय? न पेटल्यास बॅटरी बदलावी व तिचीं टोकें पुसावीं. एकटा पेटतो, पण कॅमेऱ्यानें पेटत नाहीं? तर तार, किंवा हल्लींचें बिनतारी साधन, बदलून पाहावें. पेटूनहि चित्राची एक बाजू काळी येते? तर शटरचा वेग कमी करावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. सर्व एकदम बदलल्यास दोष कोठें होता तें कळत नाहीं.

अजिंठ्यांत मात्र रंगांच्या रक्षणासाठीं आज फ्लॅशला बंदी आहे. १९९१ सालीं बिनॉय बहल यांनीं तेथील चित्रें फ्लॅशवांचून, मंद उजेडांतच टिपलीं. गिल १८७९ सालीं वारला. त्याचें थडगें भुसावळास आहे. एवढ्या थोड्या उजेडावर भागणारी फिल्म त्याच्या हयातींत निघालीच नव्हती.