हिपॅटायटिस-बी आणि वैवाहिक जीवन

यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस-बी विषाणूचा संसर्ग पती-पत्नींपैकी एकालाच असतो, तेव्हा वैद्यकीय व कौटुंबिक प्रश्न उभे राहतात. बोलीभाषेत या आजाराला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. पुष्कळांना त्याचा पत्ता रक्तदान शिबिरानंतर किंवा गरोदरपणातल्या तपासणीत लागतो. तोवर काहीच त्रास झालेला नसतो.

अहवाल हाती येताच घरात पहिला संशय चारित्र्यावर घेतला जातो. तो अन्यायाचा आहे. जन्मावेळी लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांत संसर्ग कायम राहतो, प्रौढपणी लागण झालेल्यांत ५ टक्क्यांहूनही कमी जणांत. त्यामुळे लग्नाच्या वयात आढळणारा जुनाट संसर्ग बहुधा बालपणापासूनचा असतो.

विषाणू रक्त, वीर्य आणि योनिस्राव यांतून पसरतो. एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने पसरत नाही; संसर्ग असलेल्या सुनेची ताट-वाटी वेगळी मांडण्याला कसलाही आधार नाही. रेझर, नेलकटर, टूथब्रश मात्र ज्याचे त्याने वापरावेत, कारण शरीराबाहेरही विषाणू किमान सात दिवस तग धरतो.

जोडीदाराने आधी रक्त तपासावे. संसर्ग नाही आणि प्रतिकारशक्तीही नाही असे दिसले, तर लस घ्यावी: पहिली मात्रा, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील अँटी-एचबीएस या संरक्षक प्रतिपिंडांची पातळी १० एमआययू/मिलि किंवा अधिक आली की संरक्षण मिळाले असे धरतात. तोवर निरोध वापरावा. या साऱ्याला सात-आठ महिने लागतात, म्हणून ही गोष्ट साखरपुड्याआधीच सांगायला हवी. लपवून लग्न उरकले, तर जोडीदाराची वेळेत लस घेण्याची संधीच हिरावली जाते.

मूल होण्यात अडचण नाही. आईला संसर्ग असेल, तर बाळाला २४ तासांच्या आत लस आणि शक्यतो १२ तासांत इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शन देतात. पुढच्या मात्राही चुकवायच्या नसतात. आईच्या रक्तात विषाणू फार असल्यास गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू करतात. बाळाला ही लस मिळाल्यावर आईने अंगावर पाजण्यास हरकत नसते.

संसर्ग असलेल्या प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही, पण यकृताची नियमित तपासणी चुकवू नये. भारतात २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात निदान व उपचार मोफत आहेत.