आसाममधील परकीय नागरिकांचा प्रश्न

परवानगीशिवाय आसामात येऊन राहिलेल्या, मुख्यतः पूर्व पाकिस्तान व नंतरच्या बांगलादेशातून आलेल्या लोकांना कसे ओळखायचे, त्यांतल्या कोणाला नागरिक मानायचे आणि कोणाला परत पाठवायचे, याविषयी स्वातंत्र्यापासून चालू असलेला राजकीय व कायदेशीर वाद. बेकायदा स्थलांतरावर भारतात जे जे उपाय सुचवले जातात ते जवळजवळ सगळे आसामात करून झाले आहेत : सीमेवरचे कुंपण, मतदारयाद्यांची छाननी, खास न्यायाधिकरणे, सबंध लोकसंख्येची नागरिक नोंदवही, हद्दपारी, धर्माच्या निकषावर सवलत. त्यामुळे इतर राज्यांत हा विषय निघाला की दाखला आसामचाच दिला जातो. दाखला देणारे बहुधा आकड्यांवर भांडतात. आसामच्या अनुभवातून पुढे येणारा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे : नागरिकत्वाचा पुरावा कोणी द्यायचा, सरकारने की माणसाने? या एका प्रश्नाचे उत्तर बदलले की परकीय ठरणाऱ्यांची संख्याही बदलते, हे तिथे पुन्हा पुन्हा दिसले.

यांदाबूच्या तहाने (१८२६) आसाम इंग्रजांच्या ताब्यात गेला. चहामळ्यांसाठी छोटा नागपूर भागातून मजूर आणले गेले, कचेऱ्यांसाठी बंगाली कारकून आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मैमनसिंग जिल्ह्यातील शेतकरी ब्रह्मपुत्रेच्या काठच्या पाणथळ जमिनींवर आणि चरांवर, म्हणजे नदीच्या पात्रातील गाळाच्या बेटांवर, वसू लागले. या लोकांनी जंगल तोडून भात आणि ताग पिकवला. सरकारला महसूल हवा होता, त्यामुळे हे येणे तेव्हा बेकायदा नव्हते. स्थानिकांची कुरबूर वाढल्यावर १९२० पासून नव्याने येणाऱ्यांना ठरावीक पट्ट्यातच जमीन द्यावी अशी ‘लाइन पद्धत’ सुरू झाली. ती कधीच नीट पाळली गेली नाही. बंगालीभाषक सिल्हेट जिल्हा १८७४ पासून आसाम प्रांताचाच भाग होता. जुलै १९४७ च्या सार्वमतानंतर करीमगंजचा थोडा भाग वगळता तो पाकिस्तानात गेला आणि कालपर्यंत प्रांतातल्या प्रांतात होणारी ये-जा एका दिवसात परदेशप्रवास ठरली.

असमिया समाजाची भीती समजून घेतल्याशिवाय हा वाद कळत नाही. इंग्रजांनी १८३० च्या दशकात आसामच्या कचेऱ्यांत व शाळांत बंगाली लादली होती. ती १८७३ मध्ये हटली. आपली भाषा आपल्याच भूमीत पोरकी होऊ शकते हा अनुभव या समाजाच्या आठवणीत ताजा होता. शेजारच्या त्रिपुरात फाळणीनंतरच्या निर्वासितांमुळे मूळचे जनजातीय लोक अल्पसंख्य झाले, ते उदाहरण डोळ्यांसमोर होते. ही भीती केवळ जातीय विद्वेष म्हणून निकालात काढणाऱ्या लेखनाने आसामचे फार नुकसान केले आहे. पण याच चित्राची दुसरी बाजूही आहे. मैमनसिंगहून आलेल्या मुस्लिम शेतकऱ्यांनी १९५१ पासूनच्या जनगणनांत आपली मातृभाषा मोठ्या संख्येने असमिया अशी नोंदवली, मुलांना असमिया शाळांत घातले आणि राज्यात असमिया भाषेचे बहुमत टिकण्यास हातभार लावला. असमियाला राज्यभाषा करणाऱ्या कायद्याविरुद्ध १९ मे १९६१ रोजी सिलचरमध्ये निदर्शने करताना पोलिसांच्या गोळीबारात मारले गेलेले अकरा जण बराक खोऱ्यातले बंगाली होते.

कायद्याची चौकट लवकर तयार झाली. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच होती. १९५० मध्ये आसामपुरता हद्दपारीचा कायदा झाला, १९५१ च्या जनगणनेबरोबर पहिली नागरिक नोंदवही तयार झाली आणि १९६४ च्या आदेशाने विदेशी न्यायाधिकरणे आली. १९७१ च्या युद्धकाळात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांतले बहुतेक परतले, पण सगळे परतले नाहीत.

मंगलदै लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीच्या निमित्ताने १९७९ मध्ये मतदारयादी तपासली गेली, तेव्हा हजारो नावांवर आक्षेप आले आणि ऑल आसाम स्टुडंट्स युनियनच्या (आसू) नेतृत्वाखाली सहा वर्षांचे आंदोलन उभे राहिले. बंद, सत्याग्रह, तेलाची वाहतूक रोखणे यांनी राज्य ठप्प झाले. मागणी तीन शब्दांची होती : शोधा, वगळा, हद्दपार करा. आंदोलनाचा विरोध डावलून केंद्राने १९८३ मध्ये विधानसभेची निवडणूक घेतली. त्या धामधुमीत १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्ली परिसरातील बंगाली वंशाच्या मुस्लिम गावांवर जमावाने हल्ला केला. सरकारी हिशेबानेही मृतांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले फार होती, कारण त्यांना पळता आले नाही. या हत्याकांडाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. आसाम आंदोलनाच्या कोणत्याही प्रामाणिक इतिहासात ही गोष्ट तळटीपेत ढकलता येणार नाही.

त्याच वर्षी संसदेने बेकायदा स्थलांतरित (न्यायाधिकरणांद्वारे निर्धारण) कायदा केला. तो फक्त आसामला लागू होता आणि त्याने पुराव्याचे ओझे उलटवले : समोरची व्यक्ती परकीय आहे हे तक्रारदाराने व सरकारने दाखवायचे. तक्रारदार ठरावीक अंतराच्या आत राहणारा असावा अशीही अट होती. परिणाम आकड्यांत दिसतो. एप्रिल २००० पर्यंत तीन लाख दहा हजारांहून अधिक चौकशा सुरू झाल्या; परकीय ठरले १०,०१५ आणि प्रत्यक्ष बाहेर काढले गेले १,४८१. १९४६ चा कायदा लागू असलेल्या पश्चिम बंगालने १९८३ ते १९९८ या काळात सुमारे ४ लाख ८९ हजार लोकांना परत पाठवले होते. ही तफावत सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली गेली आणि सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर १२ जुलै २००५ रोजी न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. ओझे पुन्हा माणसावर आले.

मधल्या काळात १५ ऑगस्ट १९८५ रोजी राजीव गांधी सरकार आणि आंदोलकांत आसाम करार झाला. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेले नागरिक. तेव्हापासून २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावे दहा वर्षे मतदारयादीतून वगळायची, पण त्यांना ठेवून घ्यायचे. २५ मार्च १९७१ पासून आलेल्यांना हद्दपार करायचे. यासाठी नागरिकत्व कायद्यात कलम ६ए घातले गेले. उर्वरित भारतापेक्षा आसामने बरीच पुढची तारीख स्वीकारली, म्हणजे देशातील इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त भार उचलला. त्या बदल्यात असमिया भाषा व संस्कृतीला घटनात्मक संरक्षण देण्याचे वचन करारातील सहाव्या कलमात आहे आणि ते आजही पूर्णपणे पाळले गेलेले नाही. आंदोलकांचा आसाम गण परिषद पक्ष त्याच डिसेंबरात सत्तेवर आला. परकीय शोधण्याच्या कामात त्यालाही फारशी गती देता आली नाही.

खरी संख्या किती, याची ठाम नोंद कधीच नव्हती. मुख्यमंत्री हितेश्वर सैकिया यांनी १९९२ मध्ये विधानसभेत तीस लाखांचा आकडा सांगितला आणि नंतर मागे घेतला. केंद्रीय गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी जुलै २००४ मध्ये राज्यसभेत देशात १ कोटी २० लाख व त्यांतले पन्नास लाख आसामात असे सांगितले. तेही मागे घेतले गेले. २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी देशाचा आकडा दोन कोटी सांगितला. मोजणीच्या आधीच आकडा लोकांच्या मनात पक्का बसल्यामुळे पुढे जी मोजणी झाली तिच्यावर कोणीच समाधानी होणे शक्य नव्हते.

ती मोजणी म्हणजे राष्ट्रीय नागरिक नोंदवहीचे (एनआरसी) अद्ययावतीकरण. २०१० मध्ये बारपेटा येथील प्रायोगिक काम हिंसाचारात बंद पडले. २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली ते पुन्हा हाती घेतले गेले. अर्ज कसा भरायचा हे जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम आपला बाप, आजोबा किंवा अन्य पूर्वज १९५१ च्या नोंदवहीत किंवा २४ मार्च १९७१ पर्यंतच्या एखाद्या मतदारयादीत शोधायचा. त्याला ‘लेगसी डेटा’ म्हणत आणि त्याला संकेतांक मिळे. मग त्या पूर्वजाशी आपले नाते जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचा कागद अशा कशाने तरी जोडायचे. एकाच पूर्वजाचा संकेतांक वापरणाऱ्या सगळ्या अर्जदारांच्या वंशावळी एकमेकींशी ताडून पाहिल्या जात. थोरल्या भावाने सांगितलेली बहीण धाकट्याच्या यादीत नसली की सुनावणी. चरांवरच्या कुटुंबांना दर काही वर्षांनी नदी घर सोडायला लावते. घराबरोबर पत्र्याची पेटी आणि तिच्यातले कागदही वाहून जातात, आणि नव्या ठिकाणच्या यादीत नावाचे स्पेलिंग व वय बदलते. सर्वांत बिकट अवस्था बालपणी लग्न झालेल्या बायकांची. शाळा नाही, जन्मनोंद नाही आणि मतदारयादीत पहिले नाव आले ते कोणाची तरी बायको म्हणून. बापाशी नाते दाखवणारा एकच कागद, ग्रामपंचायत सचिवाचा दाखला. तो गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अवैध ठरवला. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर पुन्हा ग्राह्य मानला. ऑगस्ट २०१९ मध्ये फेरपडताळणीसाठी पश्चिम आसामातील गावकऱ्यांना एक-दोन दिवसांच्या सूचनेवर शेकडो किलोमीटर दूरच्या जिल्ह्यांत बोलावले गेले. भाड्याच्या बसगाड्यांतून म्हातारी माणसे आणि तान्ही मुले गेली.

जुलै २०१८ च्या मसुद्यात चाळीस लाख लोक बाहेर होते. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीत ३,३०,२७,६६१ अर्जदारांपैकी १९,०६,६५७ वगळले गेले. धर्मनिहाय अधिकृत आकडे प्रसिद्ध झाले नाहीत, पण वगळलेल्यांत बंगाली हिंदू, गोरखा आणि स्थानिक जनजातींतले लोकही मोठ्या संख्येने होते. ज्यांनी ही नोंदवही मागितली होती त्यांना आकडा फार कमी वाटला. ज्यांना तिची धास्ती होती त्यांना तो भयंकर वाटला. राज्य सरकारने सीमावर्ती जिल्ह्यांत फेरतपासणी मागितली.

न्यायाधिकरणांचे काम याहून कमी प्रकाशात चालते. राज्यात अशी शंभर न्यायाधिकरणे असून कंत्राटी मुदतीवर नेमलेले सदस्य ती चालवतात. निवडणूक आयोगाने १९९७ पासून ‘डी’ म्हणजे संशयास्पद अशी खूण केलेले मतदार आणि पोलिसांनी धाडलेली प्रकरणे तिथे येतात. संसदेत २०१९ मध्ये दिलेल्या उत्तरानुसार सुमारे चौसष्ट हजार लोक त्यांच्या गैरहजेरीत परकीय ठरवले गेले होते. त्याच वर्षी लष्करातून निवृत्त झालेल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याला परकीय ठरवून स्थानबद्ध करण्यात आले. नावाच्या स्पेलिंगमधील व तारखांतील किरकोळ फरकांवरून परकीय ठरवलेल्या एका माणसाला जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ठरवले. कोणालाही उचलून नागरिकत्व सिद्ध करायला सांगता येत नाही, आधी संशयाला काही आधार हवा, असे न्यायालयाने पोलिसांना बजावले. तो माणूस निकालाच्या दोनेक वर्षे आधीच वारला होता. पुराव्याचे ओझे माणसावर टाकणे सार्वभौम राज्याला सोयीचे असेल; पण ज्या राज्याने जन्ममृत्यूची नोंद पन्नास वर्षांपूर्वी नीट ठेवली नाही, त्याने नोंद नसल्याचा दोष निरक्षर माणसाच्या पदरी घालणे अन्यायाचे आहे.

डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या मुस्लिमेतरांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. उर्वरित भारतात त्यावर मुस्लिमांना वगळल्याबद्दल आक्षेप घेतला गेला. आसामात आक्षेप असा की १९७१ ची तारीखच मोडली, परका हिंदू असो की मुसलमान. गुवाहाटीत आंदोलकांवर गोळीबार झाला व माणसे मेली. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घटनापीठाने कलम ६ए चार विरुद्ध एक मताने वैध ठरवले.

हद्दपारी ही या सगळ्याची सर्वांत कच्ची कडी आहे. माणूस आपला आहे असे बांगलादेशाने मान्य केल्याशिवाय त्याला रीतसर परत पाठवता येत नाही आणि एनआरसी ही भारताची अंतर्गत बाब असल्याचे ढाक्यातून सांगितले गेले. परकीय ठरलेल्यांना वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले जाई; २०२३ पासून गोलपाडा जिल्ह्यात मातिया येथे तीन हजार क्षमतेचे केंद्र आहे. २०२५ मध्ये रात्री सीमेपलीकडे ढकलून देण्याचे प्रकार वाढले आणि राज्य सरकारने १९५० चा हद्दपारी कायदा पुन्हा बाहेर काढला. संजय हजारिका यांच्यासारख्या अभ्यासकांनी सुचवलेला कामाचे तात्पुरते परवाने देण्याचा मार्ग मात्र गंभीरपणे अजमावला गेला नाही. मजुरी मिळते म्हणून येणारा माणूस मताच्या हक्काशिवाय येऊ-जाऊ शकला, तर मतदारयादीवरचा ताण कमी होईल, हा त्यामागचा विचार दुर्लक्षिण्याजोगा नाही.

महाराष्ट्राचा या वादाशी थेट संबंध मुंबईतून येतो. युती सरकारच्या काळात, जुलै १९९८ मध्ये, मुंबई पोलीस रेल्वेने नेत असलेल्या जरीकाम करणाऱ्या मजुरांना पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकावर जमावाने सोडवले. ते बांगलादेशी नसून बंगालचे रहिवासी आहेत असा दावा होता. २०२५ मध्ये मुंबईत पकडून बांगलादेशात धाडलेल्या काही मजुरांचे भारतीयत्व पश्चिम बंगालच्या यंत्रणेने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावे लागले. बोलीवरून आणि धर्मावरून माणूस ओळखण्याची सवय मुंबईतही तशीच चुकते.

अंतिम नोंदवही भारताच्या महानिबंधकांनी अद्याप अधिसूचित केलेली नाही. वगळलेल्यांना नकाराचे लेखी कारण मिळाल्यापासून १२० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. पण ती कारणे देणारी पत्रेच सरसकट दिली गेली नाहीत. नोंदवहीच्या कामात बोटांचे ठसे घेतल्यामुळे लाखो लोकांचे आधार कार्ड अडकून पडले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांतल्या ९ लाख ३५ हजारांहून अधिक लोकांना ते देण्याचा निर्णय झाला.